कावळा शिवेना तेव्हा

"हात जोड आन् म्हण, भावाकडं वाटा मागणार न्हाय!"

माझे चुलते, तात्या, सगळ्या गावासमोर मला हे सांगत होते. आबांचा, माझ्या वडलांचा, दहावा होता. नदीकाठी गाव जमलेलं, बाया एका अंगाला बसलेल्या. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता आणि कावळा शिवत नव्हता. मी उठेना, तेव्हा तात्यांनी दंडाला धरून मला उठवलं आणि ओढत पुढं आणलं. डोक्यावरचा पदर घसरला. तो सावरायलासुद्धा त्यांनी माझा हात सोडला नाही.

नवऱ्यानं दुसरी केली तेव्हापासून मी शेळगावात आबांजवळ होते. आई आधीच गेलेली. दादा, माझा एकुलता भाऊ, वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहायचा. सणाला यायचा, ऊस कारखान्याला गेला की पैशाला यायचा. विहिरीजवळचा दीड एकराचा तुकडा मी कसत होते. आबा दादाच्या देखत म्हणायचे, "ह्यो तुकडा पोरीचा." मी म्हणायचे, मृत्युपत्र करा. तर म्हणायचे, "भाऊ हाय की तुझा. सख्ख्या भावात कागद कशाला?" गेले तेव्हा कागद नव्हताच. नुसता शब्द होता. आणि माझ्याशिवाय तो ऐकलेला माणूस एकच, दादा.

सावडून आलो त्या दिवशी मी त्या शब्दाची आठवण काढली. दादा म्हणाला, "तुला दिली तवाच तुझं हितलं संपलं. तुझं हितं काय हाय? भाकरी खातीस, खा." सुतकात भांडू नये एवढं शहाणपण मला शिकवलं होतं. ते कुणाच्या सोयीचं होतं हे आता कळतं.

पण दहाव्याच्या सकाळपासून मनात काहीतरी खुपत होतं. तात्यांचं आबांशी बांधावरून वैर. आबा अंथरुणाला खिळले तेव्हासुद्धा ते उंबरा चढले नाहीत. आज सगळ्यात पुढं. वहिनीनं मला कधी तांब्याभर पाणी दिलं नाही, ती माझ्यासाठी नवी साडी घेऊन आलेली. आणि नदीच्या वाटेवर एक जीप उभी. मी दादाला विचारलं, दहाव्याला जीप कशाला?

"दुपारी तुला इंदापूरला न्यायचीय. जरा काम हाय."

काय काम, ते सांगेना.

पिंड ठेवल्यावर आधी दादानं हात जोडून कबूल केलं की आबांची गाय विकणार नाही. कावळा आला नाही. मग आबांचा कुलदैवताचा नवस राहिला होता, तो फेडायचं कबूल केलं. नाही आला. ऊन चढलं. माणसं कुजबुजायला लागली. तेव्हा तात्या मोठ्यानं म्हणाले, "लेकीत जीव अडकलाय त्याचा. हिच्या मनात पाप हाय, म्हणून शिवंना."

पाप. माझ्या मनात. आबांचं हगणंमुतणं मी काढलं होतं.

खरं सांगते, मी म्हणणार होते. आबा कुठंतरी अडकून पडलेत, हे मला सोसेना. हात जोडले. "आबा, मी..." इथपर्यंत आले. आणि वर बघितलं.

बाभळीवर कावळे बसले होते. एक नाही, चांगले चार-पाच. त्यातला एक खाली झेपावला. बाभळीखाली दादाचा मेव्हणा उभा होता, कन्हेरी गावचा. त्यानं खांद्यावरचा पंचा झटकला. कावळा माघारी फिरला. जरा वेळानं दुसरा उतरायला लागला. पंचा परत झटकला. पहिल्यांदा माशी असेल. दुसऱ्यांदा माशी नव्हती.

माझं डोकं एकदम थंड झालं. माझं इथं काहीच नाही म्हणतात. मग माझ्याकडून सोडवून काय घ्यायचंय? जिचं काही नाही तिला कुणी जीपमध्ये घालून इंदापूरला नेतं?

मी जोडलेले हात सोडले.

"त्या पावण्याला आधी पंचा खाली ठिवाय सांगा. मग कावळ्याचं बघू."

सगळ्या माना बाभळीकडं वळल्या. तात्या माझ्या अंगावर धावून आले. "बाईच्या जातीनं दहाव्यात तोंड उघडायचं नसतं!"

"तुमीच तर उघडाय लावलंय."

मागं कुणीतरी हसलं. दादा ओरडला, "बापाला मुक्ती दिईना ही! आजपास्नं माह्यार तुटलं तुझं!" बायांनी माझ्याकडं पाठ केली. ज्यांच्या बरोबरीनं मी खुरपायला जायची, त्याच बाया. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उठली. वहिनीनं साडी पिशवीत परत घातली. जीप माझ्यावाचून गेली.

मी तिथंच बसले. बाभळीखाली आता कुणी नव्हतं. कावळे उतरले आणि पिंड खाऊन गेले. मला आबांसाठी रडू आलं. पण एक सांगते. एकदा हात सोडल्यावर, कावळा शिवला नसता तरी मी तसं म्हणाले नसते. आबांची खरोखर तशी इच्छा असती, तरीही नाही. मेलेल्याच्या नावानं जितीचं तोंड दाबायचं, हा कसला धर्म?

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं गेले. जीप हक्कसोडपत्रावर माझी सही घ्यायला होती, हे तिथं कळलं. मृत्युपत्र नसलं तर लेकही वारस, हेही कळलं. तलाठी ते काही आपणहून सांगत नव्हता. मी दारातून हलले नाही म्हणून सांगितलं. वारसांत माझं नाव लावा, असा अर्ज दिला. दादानं हरकत घेतली. इंदापूरच्या कचेरीतल्या तारखा सुरू झाल्या, त्या सुरूच आहेत. दादानं विहिरीवरची मोटर काढून नेली. मी पावसावरची ज्वारी पेरली. तुकडा सोडला नाही.

दहाव्याला बोलावणं लागत नाही. भावकीतला एकही दहावा मी चुकवत नाही. कावळा शिवेना आणि कुणी एखाद्या लेकीला म्हणालं, "हात जोड," की मी आधी झाडाखाली कोण उभं आहे ते बघते. मग सगळ्यांदेखत पुढं जाते आणि तिचे जोडलेले हात सोडवते. तात्यांच्या दहाव्याला त्यांच्याच लेकीचे सोडवले. पुढंही सोडवीन.