अळणीचा नवस

त्या हिवाळ्यात मला माझ्या शरीराचा राग येऊ लागला होता. मुर्रीहून गोंदियाला कॉलेजात सायकलने जाताना मध्येच उतरून उभं राहावं लागे. सकाळी उठताच डोळ्यांपुढे अंधारी येई, अन्नाकडे बघवत नसे, अंगावरचे कपडे सैल होत चालले होते. दारूबंदीची पत्रकं वाटत गावोगाव हिंडलेली मी. आता खाटेवरून उठायला आईचा हात धरत होते. दवाखान्यात अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं. रंग काळवंडत होता, तर शेजारीण म्हणाली, "धान कापाले गेली होतीस का वं, एवढी काळी पडली?" मी हसण्यावारी नेलं. मनात मात्र विचारत राहिले, देवा, तू असशील तर माझ्याकडे बघत का नाहीस?

त्यातच एक विचित्र ओढ लागली होती, मिठाची. स्वयंपाकघरात कुणी नसलं की मी खडेमीठ जिभेवर ठेवी, लोणच्याचा खार बोटाने चाटी. मला त्याची लाज वाटे. सभांमधून संयमावर बोलणारी मी, आणि स्वतःची जीभ ताब्यात नाही. आमच्याकडे नवस बोलताना माणूस आपल्या आवडीची वस्तू सोडतो. कुणी गूळ सोडतं, कुणी चहा. मी मीठ सोडलं. आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या महादेवाला मनोमन सांगितलं की महाशिवरात्रीला तुझं दर्शन घेईपर्यंत अळणी खाईन, मला बरं कर. आईला सांगितलं तेव्हा तिने वाद घातला नाही. त्या संध्याकाळी तिने भाजीत मीठ टाकण्याआधी माझ्यासोबत स्वतःचीही वाटी काढून घेतली. "तू अळणी खाशील अन् मी खारट गिळू का?" एवढंच म्हणाली.

मीठ सुटलं आणि प्रकृती आणखी ढासळली. मी तिला परीक्षा समजले. जेवढा त्रास मोठा तेवढा नवस खरा, असा माझा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर त्या त्रासाचा मला अभिमानच वाटत होता.

यात्रेच्या दिवशी आम्ही मायलेकी एसटीने गेलो. गडावर गर्दी लोटली होती. त्रिशूळ खांद्यावर घेतलेले जथे महादेवाची गाणी म्हणत चढत होते. अर्ध्या वाटेवर माझ्या पोटात कळ उठली, उलटी झाली आणि पाय असे गळाले की मी वाटेकडेच्या दगडावर बसले ती उठेचना. वरून उतरणारी एक मध्यमवयीन बाई प्रसादाचा नारळ वाटत येत होती. मी हात पुढे केला. तिने तुकडा ठेवला, पण हात सोडला नाही. तळव्यावरच्या रेषा शाईने ओढल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या, त्याच ती निरखत होती.

आई तडकली. "बाई, भविष्य नको सांगू. पोरीले बरं नाही."

"भविष्य नहीं देख रही, माँजी." तिने अंगठ्याने माझा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. तिथेही काळे डाग होते. मग हळूच विचारलं, "बेटी, नमक खाने का मन करता है?"

मी चमकले. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. तिने स्वतःचा तळवा माझ्या तळव्याशेजारी धरला. त्याच रेषा, जरा फिक्या. ती छत्तीसगडातल्या राजनांदगावची शिक्षिका होती, आणि याच दुखण्यात मरता मरता वाचली होती. तिने झोळीतून मीठ आणि साखर काढली, बाटलीतल्या पाण्यात विरघळवली आणि माझ्यापुढे धरली.

मी तोंड फिरवलं. "दर्शन झाल्याशिवाय मीठ नाही. शब्द दिलाय."

"तेरा महादेव तेरी जान लेके क्या करेगा?" ती म्हणाली. मी ओठ मिटूनच ठेवले. तेव्हा आईने तिच्या हातातली बाटली घेतली, स्वतः मोठा घोट घेतला आणि पदराने तोंड पुसलं.

"घे. माह्या नवस तुटला. आता तू एकटी कायले धरून बसून राहिली?"

आयुष्यात मी कुणापुढे माघार घेतली नव्हती. त्या दगडावर घेतली. कळस वर दिसत होता. त्याच्याकडे बघत मी म्हणाले, तुझी इच्छा, आणि प्यायले.

जथ्यातल्या माणसांनी मला चादरीत घालून खाली आणलं. बाईंच्या गाडीने आम्ही सडक अर्जुनीच्या दवाखान्यात पोचलो. वाटेत त्या फोनवर नवऱ्याशी भांडत होत्या, "देर होगी, तुम खिचड़ी चढ़ा दो," म्हणून. तिथल्या तरुण डॉक्टरने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, तपासणीसाठी रक्त काढलं आणि अहवालाची वाट न बघता इंजेक्शन आणि सलाइन सुरू केलं. संध्याकाळी मी उठून बसले आणि वरणभात मागितला. "अन् मीठ?" आईने विचारलं. "टाक," मी म्हणाले. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी खदखदून हसलो.

पुढे नागपूरच्या तपासणीत आजाराचं निदान पक्कं झालं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. संकटात अंगाला बळ देणारी आणि रक्तात मीठ धरून ठेवणारी संप्रेरकं त्याच बनवतात. माझ्या त्या ग्रंथी थकल्या होत्या. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी त्यांना जागवण्यासाठी जोरजोराने हाका मारत होती, आणि त्या हाकांचा रंग माझ्या कातडीवर चढत होता. मिठाची ती ओढ म्हणजे शरीर जिवासाठी झगडत होतं. मी त्याला पाप समजून त्याचं तोंड दाबलं होतं.

त्या बाई मला चमत्कार म्हणून भेटल्या की योगायोगाने, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. त्या चढताना भेटल्या असत्या तर हातात प्रसाद नसता आणि माझा तळवा त्यांनी पाहिलाच नसता, एवढं मला ठाऊक आहे. त्याहून जास्त मला नको. मात्र माझ्यासारख्या हट्टी भक्तांना एक सांगावंसं वाटतं. शरण जायचं म्हणजे काहीतरी सोडून दाखवायचं, असं मी धरून चालले होते. त्यात देवापेक्षा माझाच तोरा जास्त होता. आता माझं शरीर जे बनवत नाही ते रोज सकाळी मी गोळीतून घेते, आणि ती घेताना कळतं की हात पसरून घेणं हीदेखील शरणागतीच आहे, आणि सोडण्यापेक्षा ती मला जड गेली.

यंदा मी गड चढले, एकदाही न बसता. "हळू वं," आई मागून ओरडत होती, "महादेव का पळून जाऊन राहिला?" मी थांबले नाही. वर पोचून पिंडीपुढे उभी राहिले तेव्हा घामाने चिंब होते, छाती भात्यासारखी हलत होती, आणि मागायचं काहीच उरलं नव्हतं. आई येईपर्यंत मी तिथेच हात जोडून उभी राहिले.