नस चढली म्हणत होतो

ये पोरी, जवळ सरक. दारात पाहुणीसारखी काऊन बसली? वर्षातून एकदा येतेस अन् आल्याबरोबर घड्याळ पाहतेस. मायची गोष्ट ऐकायची असन तं जरा दम धरून बस. तू तवा चार वर्षांची होती, तुले काई आठवणार नाई. मी तिची मोठी जाऊ, मले सारं आठवते.

सिंदेवाहीकडं आपल्या धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू होता. तुझी माय धानाची रोपं, पऱ्हे, रोवाले लागली का बाकीच्या बाया मागं पडत. त्या वर्षी तिच्या उजव्या दंडात, आतल्या अंगाले, सुपारीएवढी गाठ आली. एरवी दुखत नव्हती, पण धक्का लागला का करंगळीपर्यंत झिणझिण जाये. आम्ही बांधावर बसून हसत होतो. मी म्हणलं, "गावात विजेचे नुसते खांब उभे हायेत, अन् इच्या हातात करंट आला."

ती म्हणे, "बाई, तुमच्या घरचा बल्ब लावा माया बोटाले."

सारं गाव म्हणे, नस चढली. आपल्याकडं मान आखडली तरी नस चढते, पोटरीत गोळा आला तरी नस चढते, अन् चोळली का उतरते. नस उतरवणारी म्हातारी रोज संध्याकाळी मोहाच्या तेलानं तो दंड चोळे अन् तुझी माय दात दाबून बसे. गाठ आवळ्याएवढी झाली तवा चंद्रपूरले दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हा नसेचा आजार दिसतो. नागपूरला दाखवा." आम्ही पहिलंच वाक्य ऐकलं. येताना एस.टी.त तुझा बाप म्हणे, "पाहा, मोठ्या डॉक्टरलेही नसच सापडली." म्हातारीचं चोळणं पुन्हा सुरू झालं.

धान निसवून लोंब्या आल्या तोवर तिच्या हातातून गिलास सुटू लागला. मग नागपूर. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाईनं आम्हाले समजावलं, "ही रक्ताची नस नाही. मेंदूचा निरोप हातापर्यंत नेणारी नस असते, तिच्यावरचा हा कॅन्सर आहे. फार कमी लोकांना होतो. चोळून जात नाही. हात खांद्यापासून काढावा लागेल."

तुझी माय म्हणाली, "इतक्या लोकांत मायाच पत्ता कसा सापडला त्याले?" कोणी हसलं नाई. मग तिनं हळूच विचारलं, "हात देला तं पोरगी शाळेत जायेपर्यंत राहीन का मी?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलली नाई. "ठेवला तर आशा नाही. काढला तर थोडी आहे."

तुझ्या बापाच्या तोंडून एवढंच निघालं, "अन् रोवणा?"

"रोवणा दुसऱ्या बायाही करतात," तुझी माय म्हणाली.

हात गेला, तरी त्याची करंगळी दुखे. कापलेल्या हाताची करंगळी, पोरी. ती म्हणे, "बाई, जरा चोळा ना." हात असता तं जिथं पडला असता, तिथं मी गोधडी चोळत राहो. "थोडं खाली," म्हणे, "हं, तिथंच." तिले आराम पडे. मी तोंड फिरवून घेई.

विहारात वंदनेले दोन्ही हात जोडाचे असतात. पहिल्या खेपेले ती एकच हात छातीशी धरून उभी राह्यली. मग तिनं तुले जवळ ओढलं, तुझा तळहात आपल्या डाव्या तळहाताले लावला अन् तशीच सारी वंदना म्हणली. तू मधेच हात सोडून नाक खाजवे. ती थांबे, वाट पाहे.

पहिलीत तुझं नाव घातलं, त्या दिवशी तुले तीच घेऊन गेली. तवा खोकला लागला होता, दुखणं छातीत उतरलं होतं. शाळेतून परत येताना म्हणाली, "बाई, मागितलं होतं तेवढं भेटलं. आता दुसरीत गेलेली पाहाची हाव सुटून राह्यली." धान कापाच्या आधीच गेली.

तू विचारतेस, हात देऊन तिले काय भेटलं. तुले शाळेच्या दारापर्यंत पोचवता आलं, एवढंच. पुरेसं होतं असं मी म्हणणार नाई. तुझा बापही गेला आता. तिच्याबद्दल सांगणारं माझ्याशिवाय घरात कोणी उरलं नाई, अन् मीही बरंच विसरून राह्यली. म्हणून म्हणते, पुढच्या खेपेले दिवाळीची वाट पाहू नको. लवकर ये, अन् चार दिवस राहाले ये.