बिनदारूची झिंग

आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही मी. तरी नशिराबादेत अर्धं गाव मला पेताड समजायचं. घाईनं पळालो, एकदम दचकलो की पाय लटपटायचे, जीभ जड व्हायची, बोटं आपोआप थरथरायची. घडीभरात सगळं जागेवर. माझ्या बापालाही तसंच व्हायचं. लेकीलाही, पण थोडं.

नव्वद सालानंतर जळगावच्या डॉक्टरनं उलगडा केला. "आबा, हे रक्तातून आलंय. जनुकं सगळ्या पेशींत सारखीच, पण जिथे जे लागतं तेवढंच चालू होतं. हे जनुक मेंदूच्या पेशींत चालू होतं आणि विजेला बाहेर पडायच्या वाटा बनवतं. तुमच्या वाटा बिघडलेल्या. निरोप गेला तरी वीज शांत होत नाही."

"मग पोरीला कमी का?"

"कुठलं जनुक किती चालू राहतं, ते प्रत्येकाचं वेगळं. तिच्यात चांगल्या वाटा जास्त बनत असतील. नक्की नाही सांगता येत."

मला पटलं. मोटार बंद केली तरी पाट वाहतोच थोडा वेळ. पण 'रक्तातून' काही घशाखाली उतरेना. लेकीचं धुळ्याला जमत आलं होतं. कुणाला सांगायचं नाही, असं ठरवलं.

पाहुण्यांची जीप आली नि मी हौसेनं खाट उचलून पळालो. झालं! अंगणातच झोकांड्या.

व्याही म्हणाले, "काय याही, सकायमाच?"

पेताड म्हणा, पण पोरीचं मोडू नका, एवढंच मनात. माझ्यासारख्या ताठ माणसानं मान खाली घातली.

तेवढ्यात लेक चहाचा ट्रे ठेवून उभी राहिली. "मना बाप पेत नही. हाई दुखनं शे. मालेबी शे."

आपल्यालाही हे दुखणं आहे, तिनंच सांगून टाकलं. मला वाटलं, संपलं.

यीनबाई, म्हणजे विहीणबाई, आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आमना घरमा तं बठ्ठा मानसं पेतस! त्यास्नी उतरता सकाय व्हस. याहीनी तं घडीभरमा उतरस. पोर खरं बोलनी, माले हाईच पाहिजे."

व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला नि चहा उचलला. त्या घरात बाईचंच चालायचं.

आता ते दोघंही नाहीत. पण ती सकाळ अजून डोळ्यांपुढे येते. माझी बोटं थांबत नव्हती, साखर सांडत होती. यीनबाईंनी माझं मनगट धरलं, आणि माझ्याच हातानं लेकीचं तोंड गोड करवलं.