थप्पी न सोडणारी राजलक्ष्मी

मॅच हरली की चूक राजलक्ष्मीची आणि जिंकली की खेळ यशराजचा. वर्षभर हेच ऐकून तिचं डोकं उठलं होतं.

राजलक्ष्मी निकम कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहायची आणि रबाळ्याच्या एका कारखान्यात औषधांचं पॅकिंग तपासायची. सुट्टीच्या दिवशी पाच जणांच्या टीममधून ऑनलाइन गेम खेळायची. तिचं काम सपोर्टचं. म्हणजे मारामारी चौघांनी करायची आणि हिने त्यांना ‘हील’ करायचं, जखमा भरायच्या, वेळेवर ढाल द्यायची, त्यांना जिवंत ठेवायचं. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही न येणारं काम.

यशराज दोन मजले वर राहायचा. द्रोणागिरीच्या गोदामात दिवसभर शहाण्यासारखा वागणारा हा माणूस गेम सुरू झाला की एकटाच समोरच्या पाच जणांच्या अंगावर धावून जायचा, मरायचा आणि ओरडायचा, "राजे, हील कुठाय?" आता तर त्याने नावड्याचा पार्थ नावाचा नवा सपोर्ट शोधून ठेवला होता. ‘रविवारची मॅच हरलो तर पुढे पार्थला घेऊ’ असं त्याने ग्रुपवर टाकलं, आणि खाली हात जोडल्याचं चित्र. बाकीचे तिघे गप्प. त्यांचा तिला जास्त राग आला.

तसं तिने जीव तोडून मेहनत घेतली होती. तीन महिने ती स्वतःच्या हरलेल्या मॅचेस पुन्हा पुन्हा बघत होती. ढाल आधी दिली की वाया जाते, उशिरा दिली की माणूस जातो, हे तिने सेकंद मोजून हाताला बसवलं होतं. तरी हरणं काही थांबत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती अशीच एक मॅच बघत बसली होती. मागे कॉटवर तिचे वडील, आप्पा, गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांची तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहण्यात गेली होती.

"ही हिरवी कोन?" आप्पांनी विचारलं.

"मी."

"आन् म्होरं पळतंय ते?"

"यशराज."

आप्पांनी थोडा वेळ बघितलं. "तू त्येच्या मागं का पळतीस?"

"नाही गेले तर मरेल ना तो."

"गेलीस तरी मरतोयच की."

"आप्पा, तुम्हाला नाही कळायचं ते. चहा टाकू का?"

आप्पा चहाने गप्प बसणाऱ्यातले नव्हते. "आमच्या टोळीत हिरामण पाठीवर पोतं द्यायचा. समदे त्येच्यापाशी यायचे, वाकायचे, पोतं घेऊन चालाय लागायचे. पोत्यांची थप्पी सोडून त्यो कदी हलला न्हाय. एकाच्या मागं ग्येला असता तर बाकीचे आठ जन पाठ वाकवून तसंच हुबं."

"आणि एखादा घाईघाईत पुढे सुटला तर?"

"सुटू द्यायचा. यील की परत. पोतं तर लागनारच."

तिला मनस्वी चीड आली, कारण ते खरं होतं. तिने नऊ मॅचेस पुन्हा लावल्या. सातांमध्ये ती यशराजच्या मागे धावत होती आणि तिकडे बाकीचे तिघे तिच्यावाचून मरत होते. तीन महिने सेकंद मोजले, पण आपण उभ्या कुठे आहोत ते एकदाही बघितलं नव्हतं.

रविवारी दुपारी मॅच सुरू झाली आणि यशराज नेहमीसारखा सुटला. राजलक्ष्मी तिघांच्या मधोमध थांबली.

"राजे, हील!"

"मी इथे आहे. परत ये."

"अगं, मरतोय मी!"

"दिसतंय. परत ये."

तो मेला. गेमच्या नियमाने थोड्या वेळात पुन्हा जिवंत झाला, सुटला आणि दुसऱ्यांदाही मेला. "बस झालं, आता पार्थच," तो म्हणाला. पळत जावं, त्याला वाचवावं, निदान बोलणी तरी टळतील, असं तिला फार वाटलं. पण या वेळी तिघे धडधाकट उभे होते. तिने पाय हलवला नाही.

तिसऱ्यांदा यशराज अर्ध्या वाटेपर्यंत गेला, थांबला आणि शिव्या पुटपुटत मागे वळून तिच्यापाशी आला. तिने त्याच्या जखमा भरल्या, ढाल दिली. मग पाचही जण एकत्र पुढे सरकले. मॅच जिंकली, तीही जेमतेम.

निकालात सगळ्यात वर यशराजचं नाव झळकत होतं. अर्थातच. वर्षभराची उत्तरं तिच्या जिभेवर तयार होती. पण त्याआधी हेडफोनमध्ये यशराज खाकरला.

"राजे, पुढच्या मॅचला कुठं उभी राहणार ते आधी सांगून ठेव."

"तिथंच," ती म्हणाली आणि तिने हेडफोन काढले.

जिंकलीस की हरलीस, हे आप्पांनी विचारलंच नाही. कॉटवरून नुसतं म्हणाले, "आला का परत?"

"आला," ती म्हणाली. मग ती लगबगीने चहा टाकायला उठली.