खिंडीतून या, म्हणाली लूडी

लूडी ट्रिव्हेट ज्यांना घाबरत नाही अशा गोष्टी या जगात फार थोड्या आहेत. पूल, गायी, लिफ्ट, दातांचे डॉक्टर या सगळ्यांची तिला धास्ती. नवरा शिडीवर चढला की शिडीची, आणि उतरला की आता हा काय बिघडवून आला याची. शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, पण मोठ्या बॉयलरकडे तिने अजून पाठ केलेली नाही.

आणि हीच बाई, एकसष्टाव्या वर्षी, शनिवारी संध्याकाळी जॉन्सन सिटीतल्या कुठल्याशा तळघरात, कानात नारिंगी बोळे घालून, पर्स पोटाशी घट्ट धरून, पंक बँडसमोर पहिल्या रांगेत उभी असते. मागची पोरं एकमेकांच्या अंगावर आदळतात, कोपरं लागतात, कुणाची तरी बिअर मानेवरून ओघळते.

"तिथं भीती नाही वाटत तुला?" डॉयलने, म्हणजे नवऱ्याने, एकदा विचारलं होतं.

"वाटते ना! पण तिथं सगळेच ओरडत असतात. मी ओरडले तर वेगळं दिसत नाही."

हे वेड लागलं भांडी घासताना. केसांवरच्या जाळीखाली इयरफोन लपवून ती कुणाकुणाचे पॉडकास्ट ऐकायची. रेडिओवर कधी न लागणारी माणसं, बँजो आणि फाटका आवाज घेऊन, कोळशाच्या खाणींवर आणि दारुड्या बापांवर गाणारी. लूडीला वाटलं, अरे, हे तर आपल्याच आळीतले! तेव्हापासून ती त्यांच्या मागे लागली. दर सप्टेंबरात संगीत-उत्सवाच्या मैदानावर घडीची खुर्ची टाकून, प्लास्टिकचा रेनकोट पांघरून तीन दिवस बसायचं आणि येताना प्रत्येक बँडचा टीशर्ट आणायचा. डॉयलला संगीतातलं काही कळत नाही, पण गवत कापायचं यंत्र पुसायला या बँडांच्या टीशर्टांसारखं कापड नाही, असं त्याचं ठाम मत आहे.

पुढे तिने स्वतःचाच पॉडकास्ट काढला. सोबतीला वेंडेल, निवृत्त पोस्टमन आणि एके काळचा पंक. त्याच्या दंडावर तरुणपणी गोंदलेली कवटी आहे. कातडी सैल पडल्यामुळे ती आता बटाट्यासारखी दिसते. दोघं कपडे धुण्याच्या खोलीत बसून बोलायचे, कारण घरात तेवढीच खोली शांत. ऐकणारे म्हणाल तर गावातले चार-पाच. पण दुसरी एक जात होती, ती लूडीच्या कधी नीट ध्यानात आली नाही. ती म्हणजे खुद्द बँडवाले. ही मंडळी वर्षाचे बारा महिने व्हॅनमध्ये बसून या गावाहून त्या गावाला जात असतात. करायला दुसरं काही नसतं. आपल्याबद्दल आणि आपल्या लोकांबद्दल कुणी कुठे चकार शब्द काढला, तरी तो त्यांनी ऐकलेला असतो.

महिन्यातून एका रविवारी दुपारी लूडीच्या बैठकीच्या खोलीत कार्यक्रम व्हायचा. सोफा राहायचा, बाकीचं सामान व्हरांड्यात जायचं. येणारा प्रत्येक जण झाकलेलं भांडं घेऊन यायचा. कुणाचा राजमा, कुणाचा मक्याचा पाव, कुणाचं केळ्याचं पुडिंग. जाकिटावर खिळे ठोकलेली पोरं आणि चर्चच्या गायकवृंदातल्या आज्या एकाच सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसायच्या, आणि गाणं चालू असताना कुणी ब्र काढायचा नाही. बँडची रात्रीची निजायची सोयही तिथेच, जमिनीवर.

जानेवारीतल्या एका भागात वेंडेल म्हणाला, "हल्ली सगळे बँड एकसारखेच वाजतात बघ." लूडीला चेव चढला. कॉफीही तिसरी होती.

"वाजणारच! सगळे चौपदरी रस्त्याने येतात ना! अरे, ज्याला डोंगरातली गाणी म्हणायचीत, त्याने एकदा तरी बकहॉर्न डोंगरावरच्या जुन्या खिंडीतून यावं. चौपदरी रस्त्याने आलेलं गाणं मला पहिल्या ओळीत कळतं!"

वेंडेलने आनंदाने वॉशिंग मशीनवर थाप मारली. बोलणं लोकांना आवडलं. बाई, तुम्ही स्वतः त्या खिंडीतून शेवटच्या कधी गेला होतात, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की नऊ वर्षांची असताना, बापाच्या ट्रकमध्ये, सीटखाली डोळे मिटून.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी 'स्पिटवेल सिस्टर्स' यायच्या होत्या. दोघं होते, पण बहिणी नव्हेत. एक मार्लो नावाची काडीएवढी पोरगी, आणि दुसरा कॅल्विन, त्याला छातीपर्यंत दाढी. लोक जमले, भांडी टेबलावर आली. खाली गावात नुसती बुरबुर होती, पण डोंगराचा माथा ढगात गेला होता आणि गारठा एकाएकी वाढला होता. लूडी राजम्यात डाव घालत असताना तिचा फोन वाजला. मार्लोचा निरोप होता.

'मिस लूडी, तुम्ही सांगितलंत तेच केलं! जुन्या खिंडीच्या तोंडाशी आहोत. आता वीस मिनिटांत पोचतो. आमचं गाणं चौपदरी नाही बरं का!'

लूडीने उलट फोन लावला. लागला नाही. वर रेंज नसते.

वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. आज्यांनी भांड्यांवर पुन्हा झाकणं ठेवली.

"अगं, बँड आहे तो," डॉयल म्हणाला. गुरुवारीच त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी बांधून तो समुद्री चाच्यासारखा दिसत होता. "वेळेवर आले तर आपणच त्यांना हाकलून द्यायला हवं."

"डॉयल, ते जुन्या खिंडीतून येतायत."

डॉयलचं हसू जागच्या जागी विरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला टोमणा सुचला नाही असं लूडीने कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"आज? या गारठ्यात? तो रस्ता हिवाळ्यात कुणी साफसुद्धा करत नाही. कुठल्या गाढवाने सांगितलं त्यांना?"

वेंडेल आपल्या ताटलीतला पाव निरखून पाहू लागला.

"मी," लूडी म्हणाली. "पॉडकास्टात."

"मला वाटलं तो कुणी ऐकत नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं रे!"

तिने शेरिफच्या पोलीस कचेरीत फोन केला. पलीकडचा शिपाई समजुतीच्या सुरात म्हणाला, "लूडीबाई, मागच्या महिन्यात तुमच्या अंगणात अस्वल आलं होतं. आठवतं ना? तो कचऱ्याचा डबा निघाला. हायवेवर ट्रक आडवा झालाय. तिथनं सुटलो की माणूस पाठवतो. तोवर चहा घ्या."

आयुष्यभर उगाचच हाका मारून ठेवल्या होत्या, म्हणून आज तिच्या हाकेला कुणी येईना. खोलीत सगळे तिच्याकडे पाहत होते. लूडीच्या डोळ्यांपुढे ती व्हॅन दरीत पडलेली दिसायची, पुन्हा वर यायची, पुन्हा पडायची.

डॉयलच्या पिकअपच्या चाकांना साखळ्या होत्या. डॉयलला एकच डोळा होता. लूडीने खुंटीवरची किल्ली काढली.

"तू चालवणार?" डॉयल म्हणाला.

"मग तू चालवणार?"

तो कोट चढवून शेजारी बसला. वेंडेल फावडं आणि दोर घेऊन मागच्या हौद्यात चढला. लूडीने आरशात पाहिलं तर मागे आणखी दिवे लागत होते. खिळेवाली पोरं, आज्यांचे मुलगे, ज्याच्याकडे म्हणून चढाला चालेल अशी गाडी होती तो प्रत्येक जण. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

चढाला लागल्यावर रस्ता काचेसारखा झाला. उजवीकडे कडा आणि डावीकडे काहीच नाही. ढगात वायपर फिरत होते ते केवळ नावाला. लूडी मोठमोठ्याने श्वास घेत होती.

"लूडे, श्वास जरा हळू घे," डॉयल म्हणाला. "काच धुरकटतेय."

प्रत्येक वळणावर ती गाडी थांबवायची, इंजिन बंद करायची, काच खाली करून ओरडायची, "मार्लो! कॅल्विन!" तळघरांमधून कमावलेला आवाज होता, डोंगर दणाणायचा. मग सगळे कान देऊन ऐकायचे. मागच्या गाड्याही आपली इंजिनं बंद करायच्या. झाडांवरच्या बर्फाची कटकट ऐकू यायची, बाकी काही नाही. एका वळणावर कठडा तुटलेला दिसला. डॉयल उतरून, धरत धरत कडेला गेला, आणि त्याने वाकून पाहिलं.

"जुनं आहे," तो परत येऊन म्हणाला. "गंजलंय. चल पुढे."

त्याच्या पुढच्या वळणावर तिने हाक मारली, आणि वरून उत्तर आलं. धप. धप-धप. धप.

"ड्रम आहे," वेंडेल हौद्यातून पुटपुटला. "पण तालात नाही."

"घाबरलेत ते, वेंडेल!" लूडी किंचाळली, आणि धप-धप एकदम थांबलं. लूडीने तशीच गाडी वर घेतली.

व्हॅन रस्त्याच्या काठावरून घसरून एका झाडाला टेकली होती. मागचं एक चाक हवेत. झाड नसतं तर खाली फक्त ढग होता. आत कॅल्विन मांडीवर ड्रम घेऊन बसला होता. इतका वेळ तो एका हाताने वाजवत होता, कारण दुसरं मनगट सुजलं होतं; लूडीची किंकाळी ऐकली तेव्हा तो थांबला. मार्लो त्याच्या बाजूला अंगाचं मुटकुळं करून बसली होती. आपण हललो तर गाडी जाईल, या भीतीने दोघं तेवढ्या वेळात जागचे हलले नव्हते. पोरांनी व्हॅनला तीन बाजूंनी दोर लावले, आणि मग वेंडेलने दोघांना दारातून एकेक करून बाहेर ओढलं.

कॅल्विनला मागच्या गाडीत घोंगडीत गुंडाळलं. मार्लोला लूडीने आपल्याजवळ बसवलं. पोरीचे दात वाजत होते.

"मिस लूडी, तुम्ही या रस्त्याने रोज जाता?"

"आज दुसऱ्यांदा आलेय. पहिल्यांदा सीटखाली होते."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"म्हणाले खरं. बाळ, मी भित्री बाई आहे. कपडे धुण्याच्या खोलीत बसून मला कशाची भीती वाटत नाही, कारण तिथं उतार नसतो. माझं चुकलं. रस्त्याच्या बाबतीत माझं पुन्हा कधी ऐकू नकोस."

मार्लो हसायला लागली, आणि हसता हसता हुंदके देऊन रडायला लागली. लूडीला एक हात काढून तिच्या पाठीवरून फिरवायचा होता, पण स्टिअरिंगवरून हात काढायची तिची छाती होईना. म्हणून डॉयलने फिरवला. सवय नसल्यामुळे तो घोड्याला थोपटावं तसं थोपटत होता.

उतार सुरू झाला. लूडी पहिल्या गिअरमध्ये, माणूस शेजारून चालत पुढे जाईल अशा बेताने गाडी सोडत होती. पहिल्या वळणानंतर मार्लोचं रडं ओसरलं. दुसऱ्यानंतर तिने नाक पुसलं. चौथ्यानंतर ती हळूच म्हणाली,

"मिस लूडी, जरा वेगात घेतलं तर चालेल का?"

"नाही," लूडी म्हणाली.

मागे डोंगरभर गाड्यांच्या दिव्यांची रांग लागली होती. सगळ्या तिच्याच चालीने उतरत होत्या, आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही.