तिच्या मेंदूची काच

बायको बोलायची थांबली, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने वारज्याच्या आमच्या घरी, पाहुण्यांसमोर मला सुनावलं, "दाजी, माझ्या बहिणीची वाचा तुम्ही घालवलीत. जन्मभर ओरडलात, शेवटी गप्प झाली बिचारी." माझा आवाज मोठा आहे, मान्य. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात हळू बोलणारा माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. हमालीपासून सुरुवात करून स्वतःचा गाळा मी याच आवाजावर उभा केला. पण ते वाक्य असं रुतलं, की तिच्या तेराव्यालाही मी मेव्हण्याशी बोललो नाही.

तिचे शब्द एकेक करून गेले होते. आधी भाज्यांची नावं, मग नातवाचं नाव, मग वाक्यंच. डॉक्टर आधी नैराश्य म्हणाले, नंतर मेंदूचा आजार असावा म्हणाले. असावा! शेवटी शेवटी आम्ही बोटांनी बोलायचो. तरुणपणी मी जनावरांच्या बाजारात दलाली केली होती. तिथे रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. नवीन लग्न झालं तेव्हा गंमत म्हणून तिला शिकवलं होतं. तेवढं तिच्यात राहिलं. पांघरुणाखाली एक बोट दाबलं की पाणी, दोन दाबली की चहा. अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. तो ती निजताना दाबायची. मेव्हण्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बायकोशी बोलताय का बैलाचा भाव करताय?"

ती गेली त्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, मेंदू अभ्यासाला देता का, तपासल्यावर आजार नक्की कळेल. मेव्हणा हात जोडून म्हणाला, "दाजी, तिला फाडू नका." मी सही केली. मला निकाल हवा होता.

निकाल ईमेलने येणार होता. तरी मेंदू जिथे तपासायला दिला होता, त्या हडपसरच्या प्रयोगशाळेत मी जाऊन बसलो. "कागद नको बाई, माल दाखवा." तिथल्या शास्त्रज्ञ बाई आधी नाही म्हणाल्या, मग पाच मिनिटं म्हणाल्या. "पाच मिनिटांत मी कांद्याची गोणीसुद्धा बघत नाही," मी म्हटलं. हसल्या. शेवटी घरचं आणखी एक माणूस आणायची परवानगीही मी काढली, आणि मेव्हण्याला निरोप धाडला. येईल असं वाटलं नव्हतं. आला.

खोली अंधारी होती. मायक्रोस्कोपखाली काचेवर तिच्या मेंदूचा केसाहून पातळ काप. बाईंनी समजावलं, की अँटीबॉडी नेमकं एकच प्रोटीन ओळखून धरते आणि चमकणारा रंग त्या अँटीबॉडीला चिकटतो. हिरव्या चमकतात त्या मेंदूच्या पेशी. लाल दिसतं ते बिघडून गोळा झालेलं प्रोटीन.

गोणीच्या वरच्या थरावर मी कधी विश्वास ठेवत नाही. "नुसता रंगच चमकत नाही कशावरून?"

बाईंनी दुसरी काच लावली. तिचाच काप, रंग तोच, फक्त अँटीबॉडी घातलेली नाही. काळाकुट्ट. मग परत पहिली.

"काका, हा बोलण्याचा भाग. इथे हिरवं दाट असायला हवं होतं."

काढणी झालेल्या रानात चार रोपं चुकून राहावीत, तेवढं हिरवं होतं. बाकी सगळीकडे लाल.

"ओरडण्याने होतं का असं?"

"नाही हो काका. हा आजार आहे."

मी मेव्हण्याकडे वळलो. "ऐकलंस? आता बघ. डोळे भरून बघ."

तो वाकला. त्याच्यासाठी एक वाक्य मी कधीचं धार लावून ठेवलं होतं. त्याने मान वर करायची वाट बघत उभा राहिलो.

"मॅडम," तो वाकूनच म्हणाला, "हिरवी ती ताई ना?"

बाईंनी मान हलवली. "हो." मग हळूच म्हणाल्या, "फार वेळ नका बघू. मायक्रोस्कोपच्या उजेडात तिथली चमक विझत जाते."

तो हलेना. बऱ्याच वेळाने बाजूला झाला. "गेली, दाजी. आता दिसत नाही."

मी डोळा लावला. हिरवं जवळजवळ मावळलं होतं. माझं डोकं सणकलं. "सगळी तूच बघून संपवलीस?" एवढंच तोंडातून आलं. ठेवणीतलं वाक्य आलं नाही.

माफी त्याने मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही, आणि मी ती सोडलेलीही नाही. परतताना रिक्षा गर्दीत अडकली. तो बाहेर बघत म्हणाला, "ती बोटांनी काय सांगायची?"

मी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि खालून हात घातला. एक बोट दाबलं. "पाणी." दोन दाबली. "चहा."

"अजून?"

मी त्याचा अख्खा पंजा दाबला. हे काय, ते त्याने विचारलं नाही. रिक्षा हलली, तरी त्याने हात काढून घेतला नाही.