इमेवाल्याचा तळहात

पाचोडचं रान इकून, वर बँकेचं कर्ज काढून छावणीजवळ चार बिऱ्हाडांच्या खोल्या बांधल्या. भाड्यावरच हप्ता जातो. खोल्यांचा इमा काढा म्हणत एक जण सारखा यायचा. आला की आधी मीटरमागच्या भिंतीला तळहात लावायचा. हळू आवाजात म्हणायचा, "मावशी, जळलं तर काय करताल?"

"इमा इकाय आला का मला भ्या दाखवाय?" मी म्हणायची.

परवा त्यानं हात लावला अन् चटकन मागं घेतला; भिंत तापली व्हती. मेन स्विच पाडला, चारी बिऱ्हाडं लेकराबाळांसकट बाहेर काढली. वायरमन येस्तोवर दारातून हालला नाय. मी च्या दिला, तर त्यो तसाच ठिवून पुन्ना भिंतीला हात लावून बघाय गेला.

मला वाटायचं, भ्या दाखवणं त्याचा धंदाच हाय. पर त्यो सोताच लई भेला व्हता. तवा मला खरं भ्या वाटलं.